ताठरतेचा प्रॉब्लेम आहे? गोळी मागायच्या आधी रक्तवाहिन्यांची आतली सूज कशी शोधायची आणि कमी कशी करायची

ताठरता कमी झाली की आपल्याकडे निदान घरबसल्या तयार असतं, एक तर "वय झालं" नाहीतर "ऑफिसचं टेन्शन", आणि तिसरं निदान एसटी स्टँडच्या आजूबाजूच्या भिंतींवर मोबाईल नंबरसकट रंगवलेलं असतंच. टेन्शन असतं, नाही असं नाही, पण चाळिशीच्या पुढच्या माणसाला हा त्रास हळूहळू वाढत गेला असेल तर बऱ्याचदा मूळ रक्तवाहिन्यांत सापडतं, आणि रक्तवाहिन्या बिघडायला शरीरातली वर्षानुवर्षं धुमसणारी बारीक सूज कारण असते. डॉक्टर लोक तिला क्रॉनिक इन्फ्लमेशन म्हणतात. ती दुखत नाही, लाल होत नाही, बोट लावून दाखवता येत नाही, म्हणून कोणी तिच्याकडे बघत पण नाही.

मी पुण्यात कर्वेनगरात मेडिकल चालवतो, डी.फार्म आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे इथे कुठलाही डोस सांगणार नाही. काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, डॉक्टरांसमोर तोंड कसं उघडायचं आणि काउंटरवरून काय उचलायचं नाही, एवढं सांगतो. आणि लाज वाटत असेल तर एक आकडा ऐकून घ्या, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये केलेली एक मोठी पाहणी १९९४ साली छापून आली, त्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्के लोकांना थोडाफार तरी हा त्रास होता. म्हणजे टेकडीवर सकाळी जो ग्रुप हसत असतो ना, त्यातले निम्मे.

आधी हे चालतं कसं ते बघू, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप पटतं. उत्तेजना आली की तिथल्या नसांची टोकं आणि रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने सीजीएमपी नावाचं रसायन वाढतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत येतं आणि बाहेर जायच्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच राहतं. म्हणजे सगळा खेळ स्नायू सैल पडण्याचा आहे, जोर लावण्याचा नाहीच. या नायट्रिक ऑक्साइडचं काम शोधल्याबद्दल १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मेडिसिनचं नोबेल मिळालं.

आता यात सूज कुठे येते? पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी साठते ती नुसती पडून राहत नाही, ती टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ असली रसायनं रक्तात सोडत राहते. ती लिव्हरला पोचली की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, रक्तात ते वाढलं की शरीरात सूज आहे असं समजायचं. हा सगळा माल रक्तवाहिन्यांच्या अस्तराला त्रास देतो, अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवायला लागतं आणि जे बनतं ते पण लवकर नासतं. रक्तवाहिनी सैल पडायला कुरकुर करते. पुढे तिथे चरबीचा थर बसायला लागतो तो वेगळाच.

आणि हे खाली आधी का जाणवतं? मापामुळे. तिथल्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटरच्या. टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीत राहत असाल तर माहितीच आहे, क्षाराने शॉवरची भोकं आधी बुजतात, मेन पाईप मस्त चालू असतो. त्यामुळे बऱ्याच जणांत ताठरतेची तक्रार छातीच्या दुखण्याच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू झालेली दिसते. म्हणून मी म्हणतो की ही बेडरूमची तक्रार म्हणून बघूच नका, हार्टची आगाऊ नोटीस म्हणून बघा. हे ऐकलं की माणसं डॉक्टरकडे जायला तयार होतात, असा माझा अनुभव आहे. "मर्दानगी" म्हणलं की पळून जातात, "हार्ट" म्हणलं की लगेच अपॉइंटमेंट.

मग सुरुवात घरी करायची. त्रास तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलाय का? अचानक एका दिवसात सुरू झाला की हळूहळू? पहाटे जाग येताना ताठरता असते का? एकटे असताना होतं आणि जोडीदाराबरोबरच होत नाही असं आहे का? अचानक सुरू झालंय, पहाटे नीट असतं, एकटे असताना अडचण नाही, असं असेल तर मनाचा, नात्याचा, भीतीचा भाग मोठा असू शकतो. हळूहळू वाढलंय, पहाटेचं पण कमी झालंय, तर शरीराकडे बोट जातं. पण हे काळं-पांढरं नसतं बरं का, आधी शरीरामुळे दोनदा फसतं आणि मग तिसऱ्यांदा भीतीनेच फसतं, दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. डॉक्टर पाच प्रश्नांचा एक फॉर्म वापरतात, ५ ते २५ असे मार्क असतात, २२ किंवा वर असेल तर ठीक. तो भरून ठेवला तर सहा महिन्यांनी फरक पडला का हे नुसत्या "वाटतंय बरं"वर सोडावं लागत नाही.

चालू असलेल्या गोळ्यांची यादी पण लिहा, सगळ्या. बीपीच्या काही गोळ्या, खास करून जुन्या पद्धतीचे बीटा ब्लॉकर आणि लघवी वाढवणाऱ्या, डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या, केस गळतीवरची फिनास्टेराइड, यांनी हा त्रास होऊ शकतो. म्हणून स्वतःच्या मनाने बीपीची गोळी बंद करून टाकायची नाही! असे महाभाग भेटतात, ही गोळी बंद केली आणि मग बीपी एकशेऐंशी. डॉक्टरला सांगा, बदलून मिळते.

मग टेप घ्या, शिंप्याची असते ती. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध, नेहमीसारखा श्वास सोडून, पोट आत न ओढता मापायचं. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही रेघ, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. इथे एक गंमत होते, माणूस म्हणतो माझी कंबर चौतीस आहे, पँटचा नंबर आहे ना! अहो पँट तुम्ही पोटाच्या खाली घालता. पोटावर टेप लावली की तोच माणूस चाळीस निघतो. वजन काट्यावर नॉर्मल आणि हातपाय बारीक पण पोट पुढे, हा आपला टिपिकल साचा आहे आणि आतल्या सुजेच्या दृष्टीने तोच वाईट, त्यामुळे बीएमआय, म्हणजे उंची-वजनाचा हिशेब, बघून खुश होऊ नका.

यानंतर फॅमिली डॉक्टर. थेट स्पेशालिस्टकडे धावायची गरज बहुतेकांना नसते. अडतं ते बोलण्यात, म्हणून वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, सहा महिने झाले, ताठरता पुरेशी येत नाही किंवा टिकत नाही, शुगर आणि हार्टच्या बाजूने तपासायचंय." बास, एवढंच. "कमजोरी वाटते" म्हणू नका, कारण मग बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेऊन घरी याल. वेटिंगमध्ये ओळखीची माणसं असतील असं वाटत असेल तर दुसऱ्या एरियातला डॉक्टर गाठा, ससूनची ओपीडी आहे, तिथे तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नाही.

तपासण्यांमध्ये बीपी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर, एचबीएवनसी (शुगरचा मागच्या तीन महिन्यांचा हिशेब), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि डॉक्टरांना योग्य वाटलं तर एचएस-सीआरपी. एचबीएवनसी ६.५ किंवा वर म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. शुगर हा यातला सगळ्यात मोठा व्हिलन आहे, ती अस्तर पण बिघडवते आणि नसा पण, डायबेटिस असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा दहा-पंधरा वर्षं लवकर गाठतो असं मानतात. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी ७ ते ११ च्या मध्ये उपाशीपोटी द्यायचं, संध्याकाळी ऑफिसवरून येता येता दिलं तर आकडा उगाच कमी दिसतो, आणि कमी आलं तरी दुसऱ्या दिवशी परत तपासल्याशिवाय कोणाचंही इंजेक्शन चालू करून घ्यायचं नाही.

एचएस-सीआरपीबद्दल जरा सविस्तर, कारण यात घोळ फार होतो. साधी सीआरपी आणि एचएस-सीआरपी या दोन वेगळ्या टेस्ट आहेत, साधी ही ताप, इन्फेक्शन बघायला, एचएस म्हणजे हाय सेन्सिटिव्हिटी, ती बारीक सूज पकडते. लॅबला फोनवर सांगताना "एचएस" स्पष्ट म्हणा. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली म्हणजे हार्टचा धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेली तर घाबरायचं नाही, बहुतेक करून कुठेतरी ताजं इन्फेक्शन किंवा इजा असते, ते बरं झाल्यावर काही आठवड्यांनी परत करायची. म्हणून सर्दी-ताप असताना, डेंग्यू-चिकनगुनिया होऊन गेल्या गेल्या, दाढ सुजलेली असताना ही टेस्ट करून पैसे घालवू नका. आणि ही ताठरतेची टेस्ट नाही, सूज शरीरात कुठे आहे हे ती सांगत नाही. आकडा चांगला आला म्हणून शुगर-बीपी सोडून द्यायचं असंही नाही.

ते ऐंशी टेस्टचं फुल बॉडी पॅकेज असतं ना घरी येऊन रक्त नेतात ते, त्यात सगळं येतं पण बीपी कोणी मोजत नाही आणि पोटाला टेप कोणी लावत नाही. या दोन गोष्टी जवळजवळ फुकट आहेत.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना छाती जड होते, जबडा किंवा डावा हात भरून येतो, दम नेहमीपेक्षा लवकर लागतो, असं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी कार्डिओलॉजिस्ट, संबंध पण तोपर्यंत थांबवा.

आता सूज कमी करायची कशी. सुरुवात मी तोंडातून करायला सांगतो, कारण तिकडे कोणाचं लक्षच नसतं. ब्रश करताना रक्त येतं का? हिरड्या दातांपासून सुटल्यात का? हिरड्यांचा जुना आजार म्हणजे चोवीस तास चालू असलेली सूज, तिथले बॅक्टेरिया आणि सुजेची रसायनं रक्तात जात राहतात. हा आजार असलेल्या पुरुषांत ताठरतेचा त्रास जास्त दिसतो, आणि एका छोट्या अभ्यासात तर हिरड्यांचे उपचार केल्यावर त्या पाच प्रश्नांचे मार्क सुधारलेले दिसले. छोटा अभ्यास आहे, त्यावर उड्या मारायला नकोत, पण डेंटिस्टकडे जाऊन स्केलिंग करून घेण्यात तसंही नुकसान काय? ओठाखाली तंबाखूची चिमूट धरणारे आणि गुटखावाले, तुमच्या हिरड्या आणि रक्तवाहिन्या दोन्ही एकाच पुडीने जातात. सिगरेटचं तर सांगायलाच नको, ती अस्तरावर थेट वार करते, "दिवसाला दोनच" म्हणणाऱ्यांना पण सूट नाही.

मग पोट. इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी ११० लठ्ठ पुरुष घेतले, ३५ ते ५५ वयाचे, सगळ्यांना ताठरतेचा त्रास, शुगर-बीपी मात्र नाही. निम्म्यांना खाणं कसं बदलायचं आणि व्यायाम कसा करायचा हे बारकाईने शिकवलं, निम्म्यांना नुसता जनरल सल्ला. दोन वर्षांनी पहिल्या ५५ मधले १७ जण नॉर्मल मार्कांवर आले, दुसऱ्या गटात फक्त ३. सीआरपी पण पहिल्या गटाची उतरली. २००४ साली छापलेलं आहे हे, आणि गोळी न घेता तिघांतला एक बरा झाला ही छोटी गोष्ट नाही. उरलेले दोघं झाले नाहीत हे पण लक्षात ठेवा, म्हणजे अपेक्षा ताळ्यावर राहतात.

व्यायामाचा हिशेब सोपा आहे, आठवड्यातून चार वेळा, ४० मिनिटं, मध्यम ते जोरदार, आणि हे किमान सहा महिने. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, पुण्यात चढाला काय तोटा आहे? पण टेकडीवर जाऊन कट्ट्यावर बसून राजकारण आणि उतरल्यावर थेट मिसळ, वर एक्स्ट्रा तर्री, वर शेव, हा व्यायाम धरत नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं काही केलेलं नाही त्यांनी डॉक्टरला विचारून सपाटीवर चालण्यापासून सुरू करा, पहिल्याच रविवारी सिंहगड नको.

खाण्यात मला ते परदेशी डाएट पटत नाही, ऑलिव्ह ऑइलची बाटली आणून त्यात भजी तळणारे लोक बघितलेत मी. तत्त्व घ्या त्यांचं: भाज्या, कडधान्यं, सुका मेवा, मासे जास्त, मैदा-साखर-तळण कमी. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे किंवा अक्रोड, मासे खात असाल तर बांगडा, झालं की. कमी काय करायचं तर चहाबरोबरची खारी आणि क्रीमरोल, पॅटिस, रोजचा वडापाव, कोल्ड्रिंक, आणि दिवसातून पाच गोड चहा. हळदीचं दूध प्या आवडत असेल तर, पण हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं, त्यामुळे पेलाभर दुधाने रक्तवाहिन्यांची सूज उतरेल असं धरून चालू नका. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कर्क्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरला न विचारता अजिबात नकोत.

झोप पण यातच येते. जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडकतो असं बायको सांगत असेल, दिवसभर पेंग येत असेल तर स्लीप ॲप्निया तपासून घ्या, त्यात सूजही वाढते आणि टेस्टोस्टेरॉनही खाली जातं. हिंजवडीत रात्रीच्या शिफ्ट करणाऱ्यांना हे ऐकून राग येईल, पण झोपेची जागा कॉफी भरून काढत नाही. दारूचं: एका पेगने धीर येतो, क्वार्टरने काम बिघडतं, रोजच्या क्वार्टरने लिव्हर आणि नसा.

सोरायसिस, संधिवात, प्रोस्टेटची जुनी सूज असे आजार असतील तर त्यांचे उपचार नीट चालू ठेवा, त्यातही हा त्रास जास्त दिसतो.

"मग सूज आहे ना, एखादी सुजेची गोळी घेतो" असं म्हणणारे पण येतात. नाही! कंबरदुखीवरच्या गोळ्या या कामाच्या नाहीत, रोज घेतल्या तर किडनी, पोट आणि हार्टला त्रास. स्टिरॉइडचं तर नाव काढू नका. ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी हे डॉक्टर रिपोर्ट बघून ठरवतील.

आणि आता ती गोळी. सिल्डेनाफिल, म्हणजे लोक जिला व्हायग्रा म्हणतात ती, मुळात हार्टच्या दुखण्यासाठी शोधत होते, हा दुसरा गुण चाचण्यांमध्ये सापडला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. ती सीजीएमपी लवकर मोडू देत नाही, बास. नायट्रिक ऑक्साइड ती बनवत नाही, इच्छा वाढवत नाही. म्हणून ज्याचं अस्तर फारच बिघडलंय त्याला ती कमी लागू पडते आणि तो म्हणतो "तुमची गोळी डुप्लिकेट आहे". मी गोळीच्या विरोधात नाही, योग्य माणसाला डॉक्टरच्या चिठ्ठीवर ती चांगलं काम करते. फक्त सूज कमी करायचे उपाय चालू ठेवूनच ती घ्यायची, सूज झाकायला नाही.

चिठ्ठी का मागतो ते सांगतो. रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली असतं तेव्हा वाकून आत येणारं गिऱ्हाईक बहुतेक याच कामाला आलेलं असतं. असेच एक काका आले, आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, मग कंगवा घेतला, मग हळूच, "ती शंभरची एक द्या, कागदात बांधून." महिन्याची औषधं पण न्यायची होती म्हणून त्यांची चिठ्ठी माझ्या हातातच होती आणि तिच्यात तिसऱ्या ओळीवर सॉर्बिट्रेट, छातीच्या दुखण्यावरची नायट्रेटची गोळी, जिभेखाली ठेवायची. ही दोन औषधं एकत्र गेली तर बीपी धाडकन खाली येतं आणि माणूस जाऊ शकतो. मी गोळी दिली नाही, कंगव्याचे पैसे पण घेतले नाहीत, त्यांच्या डॉक्टरचा नंबर चिठ्ठीवर होता तो फिरवून दिला. काका चिडले होते, पण फोनवर बोलले.

तेव्हा नायट्रेटची कुठलीही गोळी, स्प्रे, पट्टी चालू असेल तर ही गोळी बाद. आणि उलटं पण, सिल्डेनाफिल घेतली असेल आणि २४ तासांत, तिच्याच जातीची टाडालाफिल घेतली असेल आणि ४८ तासांत छातीत दुखून दवाखान्यात जावं लागलं तर तिथे पहिल्यांदा हे सांगा, लाजू नका, नाहीतर ते नायट्रेट देतील. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगायचं. ताठरता चार तासांच्या वर राहिली किंवा एका डोळ्याने दिसायचं अचानक कमी झालं तर इमर्जन्सी.

"शंभर टक्के आयुर्वेदिक, एका तासात असर" असल्या पुड्या आणि कॅप्सूल ऑनलाईन मागवू नका. एका तासात असर होतोय म्हणजे शंका घ्या, अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेली अनेक देशांत पकडली गेलीये. त्या काकांनी तसली पुडी घेतली असती तर कोणाला कळलं पण नसतं आत काय आहे ते.

घरी बोला. बायकोला वाटत असतं आपण आवडेनासे झालो किंवा बाहेर काहीतरी आहे, आणि नवरा पाठ करून मोबाईल बघत झोपतो. "तपासण्या करतोय, रक्तवाहिन्यांचा विषय आहे" एवढं सांगितलं तरी निम्मा ताण उतरतो. कधीकधी तर खाण्यातला बदल तीच मनावर घेते आणि मग खारी घरात येतच नाही.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि लिपिड परत करा, लॅब तीच ठेवा, टेप त्याच जागी लावा, तो पाच प्रश्नांचा फॉर्म परत भरा. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्यामुळे पंधरा दिवसांनी करून उपयोग नाही. सहा महिने प्रामाणिकपणे करून पण फरक नसेल तर यूरोलॉजिस्ट, ते गरज वाटली तर डॉप्लर सोनोग्राफी करून रक्त येण्यात अडचण आहे की थांबण्यात ते बघतात. वाकडेपणा आलाय, गाठ लागते, मार लागल्यानंतर किंवा ऑपरेशननंतर सुरू झालंय, संवेदना कमी झालीये, यापैकी काही असेल तर सहा महिने वाट न बघता आधीच जा, आणि जाताना जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची ती यादी बरोबर न्या.